स्लॅबचं माप

हिवरगव्हाणच्या मशिदीचं माप घ्यायला गेलो
तेव्हा टेप धरायला दुसरं कुणी नव्हतं,
म्हणून दस्तगीरमामूनं टोक धरलं.
बाहेरून एकवीस फूट चार इंच.
मामू म्हणाला, चार इंच लिहू नको,
ते लिंपणाचे आहेत, वर्षावर्षाचे.
भिंत मुळात एकवीसची.

लांबून बघितलं तर कुणाचंही घर वाटावं.
मिनार नाही. कोपऱ्यांवर दोन बुटके खुंट,
उतरंडीतल्या वरच्या गाडग्याएवढे,
आणि माळवदावर वाळलेलं कुसळी गवत,
ज्यासाठी मदार तांबोळ्याची शेळी जिना चढते.

आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही.
मग खांब दिसतात, सहा, बाभळीचे, एक वाकडा.
वाकड्याला टेकून बसायची जागा
मरेपर्यंत इमाम पिंजाऱ्याची होती.
त्याच्या पाठीचं तेल अजून लाकडात आहे.

मामू बेलदार. वैशाख सरता सरता
त्यानं, त्याच्या बापानं, बापाच्या बापानं
ही मशीद लिंपली.
माती गढीच्या पोटातली, पांढरी,
सगळं गाव तिथूनच नेतं.
आठ दिवस भिजवायची, गव्हाचं भुसकट घालून तुडवायची.
तुडवायला बाया. खैरूनबी पुढं,
ओचा खोचून, बिडी विझवून कानावर ठेवून,
"दाबून पाय टाका गं, वरातीत आलाव का!"
आणि माती तयार झाली की बाजूला.
नमाज पुरुषांची. बायांची नुसती माती.
हे मामू नाही बोलला.
हे माझी आई बोलायची.

एका साली भुशात दाणा राहिला.
मेहराबीच्या डाव्या अंगाला, हातभर उंचीवर
कोंब फुटला.
सात-आठ दिवस सगळे त्याला बघत सजद्यात गेले.
काढा म्हणायला कुणी धजेना,
राहू द्या म्हणायलाही.
जुम्म्याला परळीहून मौलवीसाब आले,
त्यांनी तो नखानं खुडला, खिशात ठेवला
आणि खुत्ब्यात त्याचा विषयही काढला नाही.

मी मामूला मोबाईल दाखवला.
हे बघ, आफ्रिकेत, माली म्हणून मुलूख आहे.
"कुठल्या माळ्यांचा?"
माळी नाही मामू, माली.
खेड्यातली मशीद, पुरी मातीची,
आणि भिंतींतून लाकडांची टोकं बाहेर,
साळिंदराच्या अंगावर असतात तशी.
शोभेला असतील, मी म्हणालो.
मामूनं काचेवर बोट ठेवलं,
चित्र एकदम मोठं झालं, तो दचकला,
मग एका लाकडावरून दुसऱ्यावर
बोट नेत नेत वर गेला.
"चढने को हैं रे, अन्सार.
दरसाल लिंपना पडता ना.
बांधणाऱ्याला ठाऊक होतं, हे काम सरत नसतं,
म्हणून शिडी भिंतीतच ठेवली त्यानं."
आणि हसला,
परमुलखाच्या बाजारात
सोयरा भेटावा तसा.

कमिटीचा ठराव झालेला आहे.
भिवंडीहून पैसे आलेत, फरशीचा रंगही ठरलाय.
आणि गळतं, हे खरंच.
माळवदाचं कौतुक करणाऱ्यांनी
एकदा त्याच्याखाली श्रावणातली फजर पढावी.
खैरूनबीचे गुडघे गेलेत,
तिच्या सुना पुण्यात धुणीभांडी करतात,
तुडवायचं कुणी?
मी सेंटरिंगवाला. माझं पोट स्लॅबवर.

तरी वहीत मी लिहिलं:
एकवीस फूट चार इंच.

मामूनं बघितलं. टेप सोडली,
ती सर्रकन माझ्याकडं आली,
टोकाला पांढरी माती.
मग कितीतरी वेळानं, चप्पल शोधता शोधता म्हणाला,
स्लॅब टाकशील तेव्हा
चार सळयांची टोकं बाहेर राहू दे.
"पुढच्या मजल्याला?"
"कशाला का असंना."